प्रावरणातून शिलारस वर येतो कसा? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सह्याद्रीच्या काळ्या कातळाविषयी वाचकांकडून जे प्रश्न पुन:पुन्हा येतात, त्यांतील बहुतेक शेवटी एकाच मुद्द्यावर येऊन थांबतात: हा सगळा दगड एके काळी वितळलेला रस (शिलारस) होता, तर तो रस इतक्या खोलवरून वर आला कोणत्या वाटेने? त्या प्रश्नांची उत्तरे येथे एकत्र दिली आहेत. प्रत्येक उत्तर स्वतंत्रपणे वाचता येईल. एखाद्या मुद्द्याचा विस्तार दुसरीकडे असल्यास त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. जमिनीखाली सगळीकडे लाव्हा भरलेला आहे, असे लहानपणापासून ऐकत आलो. ते खरे आहे का?

नाही, आणि हा गैरसमज आधी दूर झाला नाही तर पुढचे काहीच नीट कळत नाही. आपण ज्या कवचावर राहतो ते खंडांखाली साधारण ३५ ते ४० किलोमीटर आणि महासागरांच्या तळाखाली सुमारे ७ किलोमीटर जाड आहे. त्याच्या खालून सुमारे २,८९० किलोमीटर खोलीपर्यंत प्रावरण पसरलेले आहे. पृथ्वीच्या एकूण आकारमानाचा जवळजवळ ८४ टक्के भाग प्रावरणाने व्यापला आहे आणि तो घन खडकाचा आहे. भूकंपाच्या दुय्यम लहरी द्रवातून जाऊ शकत नाहीत. प्रावरणातून मात्र त्या आरपार जातात. या लहरींचे प्रकार नोंदींमध्ये वेगळे ओळखण्याचे काम भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणातील रिचर्ड डिक्सन ओल्डहॅम यांनी १८९७ च्या आसाम भूकंपाच्या अभ्यासातून केले आणि पुढे १९०६ मध्ये पृथ्वीला वेगळा गाभा असल्याचा पुरावाही त्यांनीच मांडला.

द्रवरूप आहे तो बाह्य गाभा. पण तो प्रामुख्याने लोहाचा आहे आणि ज्वालामुखीतून येणारा रस तेथून येत नाही. हा रस तयार होतो तो बहुतांशी प्रावरणाच्या वरच्या शे-दीडशे किलोमीटरांत, तोही थोड्याच ठिकाणी आणि अगदी अल्प प्रमाणात.

२. प्रावरण घन असेल, तर पुस्तकांत दाखवलेले ‘प्रावरणातील प्रवाह’ कसले?

तो घन खडकाचाच प्रवाह असतो. प्रचंड उष्णता आणि दाबाखाली खडकातील स्फटिक लाखो वर्षांत न तुटता हळूहळू आकार बदलतात आणि संपूर्ण खडक वर्षाला काही सेंटिमीटर या गतीने सरकतो. या पानावर ज्या हालचालीचा विचार केला आहे ती निराळी आहे: सरकणाऱ्या घन खडकाच्या आत थोडा रस सुटतो आणि तो रस त्या खडकाला मागे टाकून, त्याच्याहून कितीतरी वेगाने वर जातो. या दोन हालचालींची गल्लत फार होते.

३. एवढ्या उष्णतेतही खडक वितळत कसा नाही? आणि मग वितळतो तो कशामुळे?

दाबामुळे वितळत नाही. प्रावरणाचा मुख्य खडक पेरिडोटाइट. पृष्ठभागाजवळच्या दाबाखाली तो सुमारे १,१०० अंश सेल्सियसला वितळू लागतो. १०० किलोमीटर खोलीवर त्यासाठी साडेचौदाशे अंशांहून अधिक तापमान लागते. प्रावरणाचे तेथील प्रत्यक्ष तापमान सहसा यापेक्षा कमीच असते.

लोकांना वाटते की वितळण्यासाठी खालून कोणीतरी उष्णता द्यावी लागते. मध्य-महासागरी पर्वतरांगांखाली तसे काही घडत नाही. भूपट्ट दूर सरकतात, त्यांची जागा भरायला खालचा घन खडक वर येतो आणि वर येताना त्याच्यावरचा दाब उतरतो. अशा खडकाचे स्वतःचे तापमान दर किलोमीटरला अर्ध्या अंशाहूनही कमी उतरते. वितळबिंदू मात्र दर किलोमीटरला तीन-चार अंशांनी खाली येतो. कुठेतरी या दोन रेषा एकमेकींना छेदतात आणि तेथपासून खडक वितळू लागतो. म्हणजे खडक किंचित थंड होत असतानाच वितळतो. तप्त स्थानांखाली, म्हणजे जेथे प्रावरणातून विशेष तापलेला खडक वर येतो अशा जागी, तो खडक मुळातच शे-दोनशे अंशांनी अधिक तापलेला असल्यामुळे तो अधिक खोलवर वितळू लागतो आणि रसही अधिक निघतो.

दुसरा मार्ग पाण्याचा. एक भूपट्ट दुसऱ्याखाली जातो तेव्हा खाली जाणाऱ्या पट्टातील खनिजांतून पाणी सुटते आणि वरच्या प्रावरणाचा वितळबिंदू शेकडो अंशांनी घटवते. अंदमानजवळचे बॅरन बेट हा भारतातील एकमेव जागृत ज्वालामुखी या दुसऱ्या प्रकारचा आहे.

४. म्हणजे त्या ठिकाणी संपूर्ण खडक वितळून रस होतो का?

कधीच नाही. मध्य-महासागरी पर्वतरांगांखाली वर येणाऱ्या खडकापैकी एकूण सरासरी १० टक्क्यांच्या आसपास भाग वितळतो. तोही सगळा एकाच वेळी खडकात साचलेला नसतो. सुटला की निघून जातो आणि कोणत्याही एका क्षणी खडकात एक-दोन टक्के किंवा त्याहूनही कमी रस असतो. सगळी खनिजे सारख्या प्रमाणात वितळत नसल्याने रसाचे रासायनिक संघटन मूळ खडकापेक्षा वेगळे असते: त्यात कॅल्शियम, ॲल्युमिनियम आणि सोडियम अधिक, मॅग्नेशियम कमी. म्हणूनच पेरिडोटाइटमधून निघालेला रस गोठला की बेसाल्ट (सह्याद्रीचा काळा कातळ) होतो आणि मागे ऑलिव्हीन या मॅग्नेशियमयुक्त हिरवट खनिजाने समृद्ध असा निःसत्त्व खडक उरतो.

५. एवढासा रस खडकात जागच्या जागी अडकून का राहत नाही?

या प्रश्नाचे उत्तर एका कोनात दडलेले आहे आणि मला स्वतःला हा या विषयातील सर्वांत सुंदर भाग वाटतो.

प्रावरणातील खडक काही मिलिमीटर आकाराच्या, एकमेकांना घट्ट चिकटलेल्या कणांचा बनलेला असतो. रस प्रथम सुटतो तो जेथे वेगवेगळ्या खनिजांचे कण एकत्र येतात तेथे. पुढे तो कसा पसरेल हे रस आणि कण यांच्यातील पृष्ठीय ऊर्जेवर ठरते. शेजारच्या दोन कणांच्या सांध्यात रसाची जी पाचर तयार होते, तिचा कोन ६० अंशांपेक्षा मोठा असेल तर रस कणांच्या कोपऱ्यांत सुट्या पुटक्यांच्या रूपात अडकून पडतो. कोन ६० अंशांपेक्षा लहान असेल तर तीन कण जेथे मिळतात त्या प्रत्येक कडेने रसाची बारीक त्रिकोणी नळी तयार होते आणि या नळ्या एकमेकींना जोडल्या जातात. मग रसाचे प्रमाण एक टक्क्याहून कमी असले तरी संपूर्ण खडकात एकसंध जाळे उभे राहते. ऑलिव्हीनच्या कणांमधील बेसाल्टी रसाचा कोन ६० अंशांपेक्षा बराच कमी भरतो.

प्रयोगशाळेत ऑलिव्हीनची पूड आणि बेसाल्ट एकत्र करून दाबयंत्रात तापवतात, नमुना झटकन थंड करतात आणि क्ष-किरणांनी त्याचे थरावर थर चित्रण करतात. त्या चित्रांत हे जाळे प्रत्यक्ष दिसते. याउलट वितळलेल्या लोहाचा कोन वरच्या प्रावरणातील दाबाला ६० अंशांपेक्षा मोठा असतो. ते ऑलिव्हीनच्या कणांतून असे झिरपू शकत नाही. एकाच खडकातून एका द्रवाला वाट मिळते आणि दुसऱ्याला मिळत नाही, ते या कोनामुळे.

६. जाळे तयार झाले हे समजले. पण रसाला वर ढकलतो कोण?

त्याचा हलकेपणा. वरच्या प्रावरणातील घन खडकाचे वस्तुमान घनमीटरला सुमारे ३,३०० किलोग्रॅम असते, तर बेसाल्टी रसाचे २,७०० ते २,८०० किलोग्रॅम. हा फरक पुरेसा आहे. मात्र रस निघून गेल्यावर तेथे पोकळी राहू शकत नाही. तेवढ्या खोलीवरचा दाब ती राहू देणार नाही. म्हणून रस सुटतो त्याच वेळी घन कणांचा सांगाडा स्वतः दबत, आवळत जातो. श्रीखंडासाठी दही फडक्यात बांधून टांगले की पाणी निथळते आणि मागे राहिलेला चक्का दाटून बसतो. येथेही तसेच घडते, फक्त द्रवाची वाट वरच्या दिशेने असते. या क्रियेचे गणित ब्रिटिश भूभौतिकशास्त्रज्ञ डॅन मॅकेन्झी यांनी १९८४ मध्ये मांडले आणि पुढचे बहुतेक काम त्यावर उभे आहे.

या गणितातील एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. खडकातून रस किती सहज वाहील हे कणांच्या आकाराच्या वर्गावर आणि रसाच्या प्रमाणाच्या वर्गावर किंवा घनावर अवलंबून असते. रसाचे प्रमाण दुप्पट झाले तर वाट चार ते आठ पटींनी मोकळी होते. त्यामुळे जेथे रस थोडासा अधिक आहे तेथेच तो आणखी ओढला जातो.

७. रस शेवटपर्यंत असाच कणाकणांतून झिरपत येतो का, की त्याला मोठ्या वाटा मिळतात?

मोठ्या वाटा मिळतात आणि त्या तो स्वतः तयार करतो. खोलवर तयार झालेला रस वर येतो तसा दाब उतरतो आणि तो तेथील पायरोक्सीन (पेरिडोटाइटमधील ऑलिव्हीनखेरीजचे दुसरे मुख्य खनिज) विरघळवू लागतो. त्या बदल्यात थोडे ऑलिव्हीन स्फटिकरूपाने बाहेर पडते. जितके विरघळते तितके परत जमा होत नाही, म्हणून खडक तेथे अधिक सच्छिद्र होतो. सच्छिद्र झाला की अधिक रस येतो, अधिक रस आला की आणखी पायरोक्सीन विरघळते. अशा रीतीने काही पट्ट्यांतील पायरोक्सीन पूर्णपणे नाहीसे होते आणि जवळजवळ निव्वळ ऑलिव्हीनचा खडक, म्हणजे ड्युनाइट, मागे राहतो. या पट्ट्या म्हणजेच रसाच्या वाटा.

ओमानच्या पर्वतांत, जेथे महासागरी कवच आणि त्याखालचे प्रावरण जमिनीवर चढून उघडे पडले आहे, तेथे या वाटा चालत जाऊन पाहता येतात. आसपासच्या खडकात पायरोक्सीनचे दाणे झिजेला टक्कर देत वर उभे राहतात, त्यामुळे हाताला तो खरखरीत लागतो. मध्येच तपकिरी-पिवळसर, गुळगुळीत पट्टा सुरू होतो, तो ड्युनाइट. काही पट्टे बोटाएवढे रुंद असतात, काही शंभर मीटरपर्यंत. तेथील प्रावरणाच्या खडकात ड्युनाइटचा वाटा सुमारे ५ ते १५ टक्के आहे. भूवैज्ञानिक पीटर केलेमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकात या पट्ट्यांचा अर्थ उलगडला. भारतात लडाखमधील निडर आणि स्पोंगटांग येथे अशाच प्रकारे वर आलेले प्रावरणाचे खडक आहेत.

या वाटा नसत्या तर एक कोडे सुटले नसते. समुद्रतळावर मिळणाऱ्या बेसाल्टचे रसायन सांगते की वरच्या काही दहा किलोमीटरांत तो रस पायरोक्सीनयुक्त खडकाशी समतोलात आलेलाच नाही. पायरोक्सीन आधीच नाहीसे झालेल्या वाटेने तो आला, तरच हे शक्य आहे.

८. रस वर यायला किती काळ लागतो?

टप्प्याटप्प्याने वेग बदलतो, म्हणून एकच आकडा देता येत नाही. कणांच्या जाळ्यातून झिरपताना तो मंद असतो, वाटांमध्ये आला की वेग पुष्कळ वाढतो, आणि भेगांमधून (प्रश्न ९ पाहा) तर सेकंदाला मीटरांच्या भाषेत बोलावे लागते.

मधल्या टप्प्याचे मोजमाप किरणोत्सारी घड्याळांनी होते. युरेनियमच्या क्षय-साखळीतील रेडियम-२२६ चे अर्धायुष्य सुमारे १,६०० वर्षे आहे. वितळताना रेडियम रसात अधिक जाते; त्यामुळे निर्माण झालेला असमतोल सुमारे आठ हजार वर्षांत जवळजवळ मिटतो. तरीही समुद्रतळावरच्या ताज्या बेसाल्टमध्ये हे जादा रेडियम सापडते. ते जर ६० किलोमीटर खोलीवर रसात आले असेल, तर रस वर्षाला किमान सात-आठ मीटर वर चढला पाहिजे. हे रेडियम वाटेत, कमी खोलीवर मिसळले असावे असेही काही अभ्यासक मानतात, आणि तो आक्षेप हलका नाही.

आइसलँडमधील पुरावा अशा आक्षेपातून सुटतो. शेवटच्या हिमयुगाच्या अखेरीस तेथील जाडजूड हिमथर वितळले, खालच्या प्रावरणावरचा भार उतरला आणि त्यासरशी तेथे रस अधिक सुटला. त्यानंतर थोड्याच काळात लाव्हाचे उद्रेक दहापटींहून कितीतरी अधिक झाले, मग पुन्हा ओसरले. हा प्रतिसाद इतक्या लवकर दिसायचा तर रसाला वर्षाला ५० मीटरांहून अधिक वेगाने वर यावे लागते.

९. वरचा शिलावरणाचा थर थंड आणि कठीण असतो. तेथून रस कसा पार होतो?

शिलावरण म्हणजे कवच आणि त्याला लागून असलेला प्रावरणाचा वरचा कठीण भाग. त्यातून झिरपत जायला गेला तर रस गोठेल. म्हणून येथे तो खडक फोडतो. शिलावरणाच्या तळाशी किंवा कवचाच्या तळाशी रस साचतो, त्याचा दाब वाढतो आणि भेग पडून ती रसाने भरते. भेगेचे टोक पुढे फाटत जाते आणि रस मागोमाग चढतो. भेगेत गोठलेल्या रसाच्या उभ्या भिंतीला डाइक म्हणतात. धुळे-नंदुरबार भागात पूर्व-ईशान्येकडून पश्चिम-नैऋत्येकडे गेलेले डाइक कित्येक किलोमीटर सलग पाहायला मिळतात. काही मीटरांपासून पन्नास-साठ मीटरांपर्यंत जाडीचे. आजूबाजूचा खडक झिजून गेल्यामुळे अनेक ठिकाणी ते अरुंद, सरळ टेकड्यांच्या रूपाने शेतांमधून उभे आहेत. कोकणातले डाइक मुख्यत्वे उत्तर-दक्षिण आहेत.

रस नेहमी सरळ उभाच चढतो असे नाही. हवाईमधील पाहाला गावाखाली ३६ ते ४३ किलोमीटर खोलीवर, म्हणजे प्रावरणातच, आडव्या पत्र्यांच्या रूपात रस पसरत असल्याचे तेथील असंख्य लहान भूकंपांच्या नोंदींवरून दिसून आले आहे.

१०. सह्याद्रीचा बेसाल्ट थेट प्रावरणातून वर आला का?

प्रावरणात जन्मला, पण बहुतेक थेट आला नाही. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी भारतीय भूपट्ट आज रियुनियन बेटाखाली असलेल्या तप्त स्थानावरून जात होता. तेव्हा बाहेर पडलेल्या लाव्हाने आजही सुमारे ५ लाख चौरस किलोमीटर प्रदेश व्यापला आहे. प्रावरणातील ऑलिव्हीनशी समतोल राखणाऱ्या रसात मॅग्नेशियम ऑक्साइड १० टक्क्यांहून अधिक असायला हवे. दख्खनच्या बहुतेक थरांत ते ५ ते ७ टक्केच भरते. याचा अर्थ रस वाटेत, कवचात किंवा त्याच्या तळाशी थांबला, तेथे त्यातून ऑलिव्हीन आणि इतर खनिजे स्फटिकरूपाने बाजूला पडली आणि उरलेला रस पुढे वर आला.

थांबण्याची खूण डोळ्यांनी पाहायची असेल तर कसाऱ्याचा थळ घाट किंवा मंचर-गिरवलीचा परिसर पाहावा. तेथील काही थरांत फेल्डस्पारचे फिकट पांढरे, पट्टीसारखे स्फटिक काळ्या दगडात विखुरलेले आहेत. काही बोटाएवढे लांब. लाव्हा बाहेर पडून गोठण्याच्या काळात एवढे मोठे स्फटिक वाढू शकत नाहीत. ते खालच्या कोठारात सावकाश वाढले आणि रसाबरोबर वर आले.

अपवाद कच्छमध्ये आहे. तेथील काही अल्कलीयुक्त बेसाल्टच्या टेकड्यांत प्रावरणातील हिरव्या पेरिडोटाइटचे तुकडे जसेच्या तसे सापडतात. हे तुकडे रसापेक्षा जड असतात. रस वाटेत बराच काळ थांबला असता तर ते तळाशी बसले असते. म्हणून तो रस न थांबता, वेगाने वर आला हे निश्चित.

११. हिरे आणणारा रसही याच वाटेने येतो का?

नाही, तो निराळाच प्रकार आहे. हिरे साधारण १५० किलोमीटरांहून अधिक खोलीवर स्थिर असतात. ते आणणारा किंबरलाइटसारखा रस अत्यल्प वितळण्यातून निघतो आणि कार्बन डायऑक्साइड व पाण्याने समृद्ध असतो. वर येताना वायू सुटतात, रस आणखी हलका होतो आणि ती सगळी वाट तो बहुधा काही तासांत किंवा दिवसांत कापतो. तो रेंगाळला तर हिरे रसात विरघळून नष्ट होतील. मध्य प्रदेशात पन्नाजवळचे मझगवाँ आणि आंध्र प्रदेशातील वज्रकरूर ही भारतातील अशी ठिकाणे; मझगवाँचा खडक काटेकोर अर्थाने किंबरलाइट आहे की लॅम्प्रोइट हा त्याच्यासारखाच दुसरा खडक, याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत.

१२. इतक्या खोलवर कोणी गेलेले नाही. मग हे सगळे अनुमानच नाही का?

अनुमान आहे, पण एकमेकांशी संबंध नसलेल्या पुराव्यांवर उभे असलेले. वर आलेले खडक, दाबयंत्रातील प्रयोग आणि किरणोत्सारी मोजमाप यांचा उल्लेख वर आला आहे (प्रश्न ५, ७, ८). त्यांशिवाय रस असलेल्या भागात भूकंपलहरी मंदावतात आणि विद्युतवहन वाढते. दोन्ही मोजता येतात. १९९५ मध्ये पूर्व प्रशांत महासागरातील पर्वतरांगेवर समुद्रतळाशी भूकंपमापके ठेवून केलेल्या प्रयोगात लहरी मंदावणारा भाग शेकडो किलोमीटर रुंद आढळला. वर लाव्हा मात्र दोन-एक किलोमीटरच्या अरुंद पट्ट्यातच बाहेर पडतो. एवढ्या रुंद प्रदेशातला रस इतक्या अरुंद जागी कसा गोळा होतो, यावर अजून वाद चालू आहे.

कधी कधी पुरावा आपणहून पृष्ठभागावर येतो. आइसलँडमधील फाग्रादाल्सफ्याल येथे १९ मार्च २०२१ रोजी सुरू झालेल्या उद्रेकात लाव्हा सुमारे १५ किलोमीटर खोलीवरच्या, कवच-प्रावरण सीमेजवळच्या कोठारातून जवळजवळ थेट आला. आधी उथळ प्रावरणातला रस होता, आणि अवघ्या काही आठवड्यांत त्याच्या जागी अधिक खोलवरचा रस येऊ लागल्याचे नमुन्यांच्या विश्लेषणात दिसले.

१३. वज्रेश्वरीला, उन्हवऱ्याला गरम पाणी येते, कोयनेला भूकंप होतात. आज महाराष्ट्राखाली शिलारस आहे का?

या दोन्हींचा शिलारसाशी संबंध नाही. पावसाचे पाणी भेगांतून खोल उतरते, तेथील नेहमीच्या भूगर्भीय उष्णतेने तापते आणि दुसऱ्या भेगेने वर येते. कोकणातील झऱ्यांचे पाणी गरम असण्यासाठी एवढे पुरते. कोयनेचे भूकंप, ११ डिसेंबर १९६७ चा मोठा भूकंप धरून, जलाशय आणि तेथील जुन्या भ्रंशांशी जोडले जातात. कोयना परिसरात घेतलेल्या खोल विंधनविहिरींत सुमारे एक किलोमीटर बेसाल्ट ओलांडल्यावर थेट जुना ग्रॅनाइट लागला. ज्या तप्त स्थानाने दख्खनचा लाव्हा दिला ते आता हिंदी महासागरात, रियुनियनच्या पितों दे ला फुर्नेझ या ज्वालामुखीखाली आहे.

१४. रस नेहमी वरच जातो का? तो खाली बुडू शकतो का?

खोलवर बुडू शकतो. प्रश्न ६ मधील घनतेचा फरक कायम राहत नाही, कारण द्रव हा घनापेक्षा अधिक सहजपणे दाबला जातो. जसजसे खाली जावे तसतशी रसाची घनता घन खडकाच्या घनतेजवळ येते. अतिशय उच्च दाबाच्या प्रयोगांत ऑलिव्हीनचे स्फटिक रसात बुडण्याऐवजी तरंगू लागलेले पाहण्यात आले आहेत. ४१० किलोमीटर खोलीवर दाबामुळे ऑलिव्हीनची रचना बदलते; त्या सीमेच्या लगेच वर जगात अनेक ठिकाणी लहरी मंदावणारा थर आढळतो. पाणी मुरलेला, वर चढण्याइतका हलका नसलेला रस तेथे अडकून राहिला असावा, असे एक स्पष्टीकरण दिले जाते. प्रावरणाच्या अगदी तळाशी, गाभ्यालगत, काही किलोमीटरांपासून काही दहा किलोमीटरांपर्यंत जाडीचे असे पट्टे आहेत ज्यांत दुय्यम लहरींचा वेग ३० टक्क्यांपर्यंत घटतो. तेथे अंशतः वितळलेला खडक असेल, तर तो रस आसपासच्या खडकापेक्षा जड असल्यामुळेच तळाशी टिकून आहे. लोहाने समृद्ध अशा घन खडकानेही तेवढाच फरक पडू शकतो, आणि या दोन शक्यतांपैकी कोणती कोठे लागू पडते याचा निवाडा अद्याप झालेला नाही.